हरवलेल्या बाणाची कैफियत

मा. मंत्री महोदय,
इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
यांचे सेवेशी



हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, याबद्दल आरंभीच दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ज्या शहरातून लिहितो तेथील बाजाराची भाषा हिंदी आणि घराघरांतली माळवी, आणि आपल्या मंत्रालयाचा व्यवहारही हिंदी-इंग्रजीतूनच चालतो. परंतु आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन देशात चालणाऱ्या भाषांपैकी कोणत्याही भाषेत सादर करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकास दिलेला आहे, आणि तो अधिकार आजवर फारसा कोणी वापरलेला माझ्या पाहण्यात नसल्यामुळे, निदान त्याला गंज चढू नये एवढ्यासाठी तरी मी तो वापरीत आहे. शिवाय गाऱ्हाणे मातृभाषेत मांडले म्हणजे त्यात राग कमी आणि तपशील अधिक येतो, असा माझा स्वतःपुरता अनुभव आहे.

आमचे फ्रीगंज, ज्याला माधवनगर असेही नाव आहे, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे वसलेले आहे. पुलापलीकडे जुने उज्जैन, महाकाळ, क्षिप्रा आणि एकमेकींत शिरणाऱ्या गल्ल्या, आणि अलीकडे आखीव रस्ते, टॉवर चौकातले घड्याळ आणि त्या घड्याळाखाली संध्याकाळी जमणारी आम्हा निवृत्तांची मंडळी. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरास नेली तेव्हा दरबार गेला, फौजफाटा गेला, पण दफ्तराचे एक शेपूट येथेच राहिले, आणि त्या शेपटाला लोंबकळत आमचे घराणेही राहिले. माझे पणजोबा मोडी लिहिणारे कारकून होते. मोडीत शब्दाशब्दांमध्ये अंतर सोडण्याची चाल नसल्यामुळे वाचणाऱ्याचे बोट ओळीवरून सरकत राहिले नाही, तर वाचणारा एका शब्दाचे डोके आणि दुसऱ्याचे धड घेऊन तिसराच अर्थ लावून बसे. म्हणून कागद वाचताना बोट उचलणे हा आमच्या घरात मुलांसाठी शिक्षेचा अपराध होता. बोट कोठे आहे हे ठाऊक नसेल तर काम पुढे सरकत नाही, हा धडा मी अशा रीतीने वयाच्या सहाव्या वर्षी शिकलो, आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी एका सरकारी खिडकीसमोर पुन्हा शिकलो. ती हकीकत अशी.

मी मुलांना भूगोल शिकवीत असे आणि त्या सेवेचे निवृत्तिवेतन मला मिळते. प्रत्येक नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकाने आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. पूर्वी अधिकाऱ्यासमोर उभे राहून सही केली की काम होत असे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ नावाची योजना सुरू केल्यापासून काचेच्या लहानशा तुकड्यावर अंगठा अथवा बोट टेकवले की तोच दाखला संगणकाद्वारे रुजू होतो. ही सोय खरोखरीच चांगली आहे आणि तिच्याविरुद्ध माझी काडीमात्र तक्रार नाही. गेल्या नोव्हेंबरात मी सकाळी अकरा वाजता एका कचेरीत, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, रांगेत उभा राहिलो, आणि माझी पाळी आली त्याच क्षणी खिडकीमागच्या तरुण कारकुनाने माउस एकदा हलवला, दोनदा हलवला, मग टेबलावर आपटला, आणि चेहरा वर न करता म्हणाला, “बाबूजी, तीर गायब है। कल आइए।”

मंत्री महोदय, त्या तरुणावर मी दोष ठेवीत नाही. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे सर्व उपचार केले. माउसची तार काढून पुन्हा खोचली, दुसऱ्या खाचेत खोचली, शेजारच्या टेबलावरचा माउस मागून आणला, त्याच्या पोटाखालचा तांबडा दिवा लागतो की नाही हे त्यास उलटे करून पाहिले. दिवा लागत होता. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा असे मी सुचवले, तर मागे कसलीशी माहिती वर चढत आहे, ती मध्येच तुटली तर सकाळपासूनचे काम पाण्यात जाईल, असे त्याने सांगितले, आणि तेही खोटे नसावे. पटलावर माझ्या नावाचा अर्ज उघडा होता, माझा क्रमांक त्यात भरलेला होता, फक्त एका चौकटीवर टिचकी मारावयाची राहिली होती. माझे बोट हजर होते. यंत्राचे बोट गैरहजर होते. आणि यंत्राच्या बोटावाचून माझ्या बोटाला किंमत नव्हती, म्हणजे त्या दिवशी, त्या वेळेपुरता, मी जिवंत आहे किंवा नाही याचा निर्णय स्थगित होता.

माझ्यामागे एकवीस माणसे होती. आम्ही सारे प्रतीक्षालयाच्या बाकांवर जाऊन बसलो, कारण उद्या येणे हे आमच्या वयाला परवडणारे वचन नव्हे. दुपारी चारच्या सुमारास शिपायाला बातम्या पाहण्याची इच्छा झाली आणि त्याने भिंतीवरचा दूरदर्शन संच लावला; हा संच पूर्वी केव्हातरी टोकनाचे आकडे दाखविण्यासाठी टांगलेला होता आणि पुढे त्याची कोणी विचारपूस केली नव्हती. बातम्या लागल्या नाहीत. एक निळा, मोकळा पडदा उजळला, आणि त्याच्या अगदी मधोमध, कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसावे तसा, एक पांढरा बाण होता. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ उठून खिडकीकडे गेले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, “आपका तीर हमारे पास बैठा है।” सकाळपासून तो आमच्याच बाजूला, प्रतीक्षालयात, रांगेतला तेविसावा म्हणून बसला होता.

या प्रकारातील कार्यकारण मला नंतर उमगले, आणि ते आपणास ठाऊक असले तरी वाचकांसाठी सांगतो. संच बंद असला तरी त्याची तार संगणकाला जोडलेली राहिली, तर पुष्कळदा संगणक असेच मानून चालतो की आपल्याला पटले दोन आहेत आणि दुसरे पहिल्याच्या उजव्या कडेला लागून आहे. माउस उजवीकडे जरा जोराने ओढला गेला की बाण पहिल्या पटलाची हद्द ओलांडून दुसऱ्यात जातो, आणि ते दुसरे काळोखात असल्यामुळे तो गेला कोठे याचा थांग लागत नाही. माउस डावीकडे दोन-चार वेळा सलग ओढत राहिले असते, तर तो परत आला असता. किंवा, सरकारी कचेऱ्यांतून बहुधा जी विंडोज प्रणाली असते तिच्यात, विंडोजची कळ दाबून धरून ‘पी’ दाबावा, आणि जी चार पर्यायांची यादी उघडते तिच्यातील ‘केवळ हेच पटल’ या अर्थाच्या पर्यायावर बाणांच्या कळांनी जाऊन एंटर करावे, म्हणजे दुसऱ्या पटलाचे अस्तित्वच मिटते आणि बाणाला घरी येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पाच तासांचे काम पाच सेकंदांचे होते.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. निवृत्ताला छंद हवाच असतो. मला असे आढळले की ‘बाण दिसत नाही’ या एका वाक्याखाली दोन अगदी भिन्न दुखणी नांदतात, आणि वैद्याने प्रथम त्यांची फोड केली पाहिजे. एक, माउस मेलेला आहे. दुसरे, माउस जिवंत आहे, बाणही जिवंत आहे, फक्त दिसत नाही. याची परीक्षा सोपी आहे. माउस थोडा हलवून त्याची उजवी कळ दाबावी. पटलावर कोठेही एखादी लहान यादी उघडली, तर बाण तेथेच आहे असे समजावे. पहिल्या दुखण्याची कारणे स्थूल असतात, म्हणजे तार सैल, बिनतारी माउसची बॅटरी संपलेली, पोटाखालचे बटण कोणी बंद केलेले, काचेचे गुळगुळीत टेबल ज्यावर प्रकाशाच्या माउसला पावले उमटवता येत नाहीत, अथवा लॅपटॉपवर स्पर्शपट्टी बंद करणारी कळ चुकून दाबली गेलेली. दुसऱ्याची कारणे सूक्ष्म आहेत. टंकन करीत असताना बाण लपवावा, अशी एक सोय माउसच्या व्यवस्थेतच असते आणि काही वेळा तो लपतो तो लपतोच. त्याच व्यवस्थेत, कंट्रोल कळ दाबताच बाणाभोवती वर्तुळे उमटावीत, अशीही सोय आहे. ती कोणीतरी आधी चालू करून ठेवलेली असली पाहिजे, आणि कोणी ठेवलेली नसते.

यातली एक गोष्ट मला विशेष मौजेची वाटली. बाण हा बहुतेक संगणकांत पटलावरील चित्राचा भाग नसतोच. खालचे चित्र वेगळे तयार होते, आणि बाण हा पारदर्शक कागदावर काढून वरून ठेवल्यासारखा, चित्रे रंगविणाऱ्या यंत्रभागाकडून स्वतंत्रपणे चढवला जातो. म्हणूनच नेहमीच्या कळेने पटलाची प्रतिमा टिपली तर तिच्यात बाण येत नाही. हा वरचा कागद काही कारणाने घसरला, तर खालचे सर्व जसेच्या तसे राहून फक्त बाण लुप्त होतो. अशा वेळी जाणकार माणसे एक चमत्कारिक उपाय करतात: बाणाला शेपूट लावण्याची जी जुनी शोभेची सोय आहे ती चालू करतात. शेपूट काढावयाचे तर बाण खालच्या चित्राबरोबरच रंगवावा लागतो, आणि मग तो शेपटासकट प्रकट होतो. विंडोज, कंट्रोल आणि शिफ्ट या तीन कळांबरोबर ‘बी’ दाबला तर तो चित्रविभागच नव्याने कामाला लागतो, हाही एक रामबाण, शब्दाबद्दल क्षमस्व.

बाणाची वंशावळ फार प्राचीन नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी पेटीचा पहिला माउस तयार केला. त्याच्या पोटाखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजी त्याचे पेटंट मंजूर झाले. आरंभी उभा असलेला बाण पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत डावीकडे कलला, कारण त्या काळच्या विरळ ठिपक्यांच्या पटलावर तिरपा बाण अधिक स्वच्छ ओळखू येई. ठिपके दाट झाले, पण कल तसाच राहिला. यापेक्षा अधिक इतिहास या अर्जाला आवश्यक नाही.

आवश्यक आहे ती आमच्या गावची एक गोष्ट. उज्जैनच्या नैऋत्येला जयसिंगपुऱ्यात क्षिप्रेच्या काठी वेधशाळा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगांनी बांधलेली, आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने जीर्णोद्धार झालेली. तेथे एक शंकुयंत्र आहे, आणि ते वेधशाळेचे अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले, ही गोष्ट येथल्या मराठी माणसाला अभिमानाने सांगावीशी वाटते. वर्तुळाकार ओट्याच्या मध्यभागी एक उभा शंकू, आणि ओट्यावर कोरलेल्या रेषा. शंकूच्या सावलीचे टोक ज्या रेषेवर पडेल तीवरून सूर्य कोणत्या राशीत आहे हे कळते. म्हणजे हाही एक दर्शकबाणच, आणि त्याला हलविणारा हात आकाशात आहे. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी लगत, किंचित दक्षिणेस असल्यामुळे २१ जूनच्या सुमारास भर मध्यान्ही, घड्याळात बारा वाजून अठ्ठावीस मिनिटे होतात तेव्हा, ही सावली जवळजवळ नाहीशी होते. मी दरवर्षी मुलांना तेथे नेत असे. मुले पहिल्यांदा घाबरत, मग हसत, मग विचारीत की आता वेळ कशी कळणार. मी त्यांना शेजारचे नाडीवलय दाखवी, सम्राटयंत्र दाखवी. जयसिंगांनी एकाच अंगणात इतकी यंत्रे का उभारली याचे पुस्तकी उत्तर निराळे असेल. त्या घटकेपुरते मला एवढेच सुचे की एका यंत्राची सावली हरवली म्हणून ज्योतिष्याने खिडकी बंद करून ‘उद्या या’ म्हणता कामा नये.

माझ्या गाऱ्हाण्याचे मर्म येथे आहे. बाण हरवणे हा अपराध नव्हे, तो हरवणारच. अपराध आहे तो अर्ज असा रचण्यात की बाणावाचून त्यात पाऊल टाकता येऊ नये, आणि तो भरणाऱ्याला असे शिकवण्यात की बाण हाच एक रस्ता आहे. वस्तुतः रस्ता कळफलकाचा आहे आणि बाण ही त्यावरची पालखी आहे. टॅब दाबला की एका चौकटीतून दुसरीत जाता येते, शिफ्टसह दाबला की मागे येता येते, रिकाम्या चौकटीत खूण करावयाची तर मधली लांब कळ पुरते, आणि बटणावर पोहोचल्यावर एंटर. बाणच चालवावयाचा असेल तर डावीकडील आल्ट व शिफ्ट यांबरोबर नम लॉक दाबून आकड्यांच्या कळांनीही तो चालवता येतो. हे सारे यंत्रात पूर्वीपासून आहे, आणि त्या दिवशी त्या खोलीतील बावीस पेन्शनर, एक कारकून आणि एक शिपाई यांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते.

मला ते एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवले. तो जन्मांध आहे, एका बँकेत काम करतो, आणि पटलावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने दिवसाकाठी माझ्या कल्पनेच्या पलीकडचे काम उरकतो. मी त्याला दूरदर्शनवरच्या बाणाची हकीकत रंगवून सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, “सर, तुम्हांला एक दिवस बाण दिसला नाही तर कचेरी थांबली. मला तो कधीच दिसलेला नाही.” मग त्याने सांगितले की कळफलकाने नीट चालणारे अर्ज तो कोणाच्याही बरोबरीने भरतो, परंतु काही अर्जांत तारीख फक्त दिनदर्शिकेच्या चित्रावर टिचकी मारूनच निवडता येते, काहींत टॅब एका बटणावरून न थांबता पुढे निघून जातो, आणि नेमके तेच बटण ‘सादर करा’ असे असते. तेथे त्याला शेजाऱ्याचे डोळे उसने मागावे लागतात.

आता यात नवा कायदा मागावयाचा आहे असेही नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी भारत सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. संपूर्ण काम केवळ कळफलकाने करता आले पाहिजे हे त्यांत अंतर्भूत आहे, आणि दिव्यांगजनांच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम त्यांच्या पाठीशी आहे. फर्मान निघालेले आहे. बजावणी व्हावयाची आहे. हुकूम निघाल्यावर त्याची रुजवात घेणारा निराळा माणूस लागतो, तो आपल्याकडे कमी पडतो आहे इतकेच.

म्हणून माझी मागणी फार माफक आहे. कोणताही सार्वजनिक अर्ज लोकांसाठी खुला करण्यापूर्वी तो बनविणाऱ्या मंडळींपैकी एकाने माउसची तार उपटून खिशात घालावी आणि तो अर्ज आरंभापासून शेवटापर्यंत भरून दाखवावा. जेथे अडेल तेथे अर्ज नापास. खिडकीवर बसणाऱ्याच्या प्रशिक्षणात एक तास असा असावा की ज्यात सर्वांचे माउस टेबलाच्या खणात कुलूपबंद असतील. आणि प्रत्येक खिडकीमागे, देवाच्या तसबिरीशेजारी जागा असतेच, तेथे त्या प्रदेशाच्या भाषेत एक चिठी डकवलेली असावी: आधी तार पाहा, मग उजवी कळ दाबून परीक्षा करा, मग दुसरे पटल मिटवा, मग टॅबने पुढे चला. अशा चिठीचा मसुदा मी मराठीत व हिंदीत करून सोबत जोडला आहे. आमच्या त्या तरुण कारकुनाने हिंदी मसुदा मागून घेतला आणि आपल्या पटलाच्या कडेला चिकटवलाही. दूरदर्शनची तार मात्र त्याने काढलेली नाही, कारण ती कोणत्या खात्याची हे अद्याप निश्चित झालेले नाही.

माझा हयातीचा दाखला त्या सायंकाळी सव्वाचार वाजता रुजू झाला, आणि पुढील नोव्हेंबरपर्यंत मी सरकारदरबारी जिवंत आहे. या मुदतीत आपले उज्जैनला येणे झाले, आणि ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाले, तर मी आपणांस टॉवर चौकातून वेधशाळेत घेऊन जाईन. बाराच्या ठोक्यालाच पोहोचलेले बरे, म्हणजे सावली आखडत जाताना सबंध पाहता येते. छत्री अवश्य आणावी. त्या दिवसांत येथे पावसाची आवई उठलेली असते, आणि एखाद्या वर्षी ढग असे दाटून येतात की सावलीच काय, सूर्यही कोणत्या पटलावर गेला आहे हे समजत नाही. तेव्हा आम्ही ओट्यावर बसून चहा पितो आणि ढग जाण्याची वाट पाहतो.



आपला नम्र,
एक निवृत्तिवेतनधारक
फ्रीगंज, उज्जैन